सोनेरीची सोयरीक

माझ्या थोरल्या साडूंच्या हाती विश्वाचा कारभार दिला असता, तर त्यांनी पहिल्याच दिवशी आभाळाच्या कडेला सोनेरी पट्टी मारून घेतली असती आणि दुसऱ्या दिवशी ढगांचा रंग त्या पट्टीशी जुळत नाही म्हणून ढग बदलून मागितले असते. विश्वाचा कारभार त्यांच्याकडे नाही, हे आपलं नशीब. त्यांच्याकडे मेडशीजवळच्या एका गावात थोडी जमीन आहे, तीत सोयाबीन आणि तूर आहे, गावात स्लॅबचं घर आहे, दारात एक बैलजोडी आहे आणि सदऱ्याच्या खिशात सोनेरी रंगाची एक छोटी डबी आहे. बाकीच्या वस्तू गावात बऱ्याच जणांकडे सापडतील. डबी मात्र फक्त यांच्याकडे.

साडू हे नातंच मोठं गमतीचं. दोन परके पुरुष केवळ बायका बहिणी-बहिणी म्हणून एका पाटावर बसवले जातात आणि मग जन्मभर एकमेकांशी तुलना ऐकतात. आमच्या बाबतीत ही तुलना लग्नानंतर वर्षभरातच थकून संपली, कारण आमच्यात तुलना करण्यासारखं काही नव्हतंच. मी वाशीमला शाळेत गणित शिकवतो. रंगांच्या बाबतीत माझी अक्कल इतकीच की भिंत मळली की पांढरा रंग द्यावा आणि पांढरा मळला की पुन्हा पांढराच द्यावा. साडू घरात शिरले की आधी पाणी पीत नाहीत, भिंतींकडे बघतात. मग माझ्याकडे बघतात. त्या नजरेत राग नसतो, नापास मुलाच्या बापाकडे मी ज्या नजरेनं बघतो ती नजर असते.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम सोनेरी असतं. मागच्या एका निवडणुकीत शाई लावणाऱ्या बाईंनी ते नख बघून हात मागं घेतला आणि साहेबांना हाक मारली. साहेबांनी नख खरवडून बघितलं. साडू शांतपणे म्हणाले, "साहेब, हे निशाणी नाई, हे नाद हाय. तुमी तुमची शाई लावा. पण निळी लावून राह्यले तं दुसऱ्या बोटाले नको, याच नखाच्या कडेनं लावा, सोनेरीसंगं चांगली दिसन." त्या केंद्रावर निवडणुकीच्या कामाला मास्तर म्हणून मीही बसलो होतो, आणि त्या क्षणी माझं त्यांच्याशी काही नातं आहे हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

पण सोनेरी रंग कुठंही फासणारा माणूस अशी जर त्यांची कल्पना तुम्ही करून घेतली असेल, तर तो त्यांच्यावर घोर अन्याय होईल. नुसतं सोनेरी त्यांना मुळीच खपत नाही. त्यांचा सगळा विचार आहे तो सोनेरीच्या शेजारी कोण बसणार याचा. "एकटं सोनेरी म्हंजे पहिल्या दिवाळीचा जवाई," असं ते म्हणतात. "त्याले एकटं बसवलं का ते फुगून राह्यते. शेजारी शांत रंग द्या, मंग ते माणसात येते." गावात लग्नं जुळवायला चार वडीलधारे बसतात तसे ते रंगांच्या सोयरिकी जुळवायला एकटेच बसतात, आणि तितक्याच गंभीरपणे घराणी तपासतात. लाल आणि सोनेरी म्हणजे लग्नघर. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पाहुणे कधी जातात असं होतं. गुलाबी आणि सोनेरी म्हणजे आहेराचं पाकीट, वरून छान, आत काय आहे सांगता येत नाही. हिरवा आणि सोनेरी हा आपल्या वावरातलाच जोडा, सोयाबीन कापणीला आलं आणि मधल्या तुरीच्या ओळी अजून हिरव्यागार असल्या की बांधावर उभं राहून बघावा. पण हिरवा गर्द हवा, पोपटी घेतला तर वाजंत्रीवाले दारात आल्यासारखं वाटतं. आणि या सगळ्यांवर मात करणारी, खानदानी, कुठं आवाज न करणारी सोयरीक म्हणजे मोतिया आणि सोनेरी. मोतिया म्हणजे दुधाच्या सायीसारखा, जेमतेम पिवळसर पांढरा. मोतियाचं नाव निघालं की त्यांचा आवाज खाली येतो.

वाशीमला आमच्याकडे एकदा ते जिल्हा कचेरीच्या कामासाठी आले होते. उन्हाळा होता, जेवणं झाली, मी आणि आमची ही आतल्या खोलीत जरा आडवे झालो. उठून बघतो तर बैठकीतला पंखा बंद, साडू टेबलावर स्टूल आणि स्टुलावर स्वतः असे उभे, आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांना सोनेरी कडा. त्यांनी बटण दाबलं. छताशी एक सोनेरी कडं फिरायला लागलं. आमची ही टाळ्या वाजवायचीच बाकी होती. मी म्हटलं, "भाऊसाहेब, बघून डोकं गरगरतं." ते म्हणाले, "गरगरू द्या, साडभाऊ. पांढरं पाहून पाहून तुमचं डोकं एका जागी बसून गेलं होतं." तो पंखा अजून आहे. आता त्याच्याशिवाय मला बैठक ओकीबोकी वाटेल, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

रंगाच्या दुकानात तर त्यांचा मोठाच दरारा आहे. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या दुकानदाराला ते लांबून येताना दिसले की तो नोकराला पुढं करून मागं गोदामात जातो. एकदा कंपनीचं नवीन रंगपत्रक आलं होतं आणि त्यात गुलाबीसर सोनेरी छटा होती. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "काका, रोझ गोल्ड. नवीन फॅशन." साडूंनी पत्रक उजेडात नेलं, चष्मा वर केला, खाली केला आणि चिंतेच्या सुरात विचारलं, "ह्या सोन्याले ताप आला का?" बैलजोडीचीही तीच कथा. आमच्याकडे जोडी घेताना दोन्ही बैल एका रंगाचे, एका शिंगाचे बघतात. यांनी बाजारातून एक पांढराशुभ्र आणि एक काळाकुळकुळीत बैल आणला. लोक हसले. पोळ्याला शिंगांना सोनेरी रंग आणि बेगड लावायची, तेव्हा सोनेरी पांढऱ्यावर कसं दिसतं आणि काळ्यावर कसं दिसतं हे एकाच दारात बघायला मिळावं, एवढाच त्यात हेतू होता. नांगराला दोघं सारखेच चालतात, हे त्यांनी नंतर लोकांना पटवायला म्हणून शोधून काढलेलं कारण.

या माणसाशी संसार केला तो माझ्या मेहुणीनं. आमच्या घरात सगळे तिला ताई म्हणतात. ताईचा या नादाला विरोध नव्हता, फक्त हद्द ठरलेली होती. "अंगणात रंगवा, ओसरीत रंगवा, माह्या सयपाकघरात डबी आणली तं मी तिच्यात फोडणी घालीन," हे तिचं वाक्य मी माझ्या लग्नात पहिल्यांदा ऐकलं आणि पुढं दर भेटीत ऐकत आलो. साडूही उंबऱ्याशी थांबत. चहा हवा असला की उंबऱ्याबाहेरून, "आयकलं का वं?" अशी हाक. ताई आतून म्हणायची, "हात धुतले का?" हे दोघांचं जन्मभराचं संभाषण. बाहेर मोतिया-सोनेरीचं राज्य, आत पितळेच्या डब्यांचं. घराला मोतिया रंग लागला तेव्हा साडूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, आणि प्रत्येकाला अंगणात नेऊन, पाठमोरा उभा करून, मग एकदम वळायला लावलं होतं. खरंच सुंदर दिसत होतं. सकाळच्या उन्हात त्या सायीसारख्या भिंती आणि खिडक्यांच्या बारीक सोनेरी रेघा बघून माझ्यासारख्यालाही क्षणभर आपण काहीतरी चुकवतोय असं वाटलं.

आणि मग ताई पडली. मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून, हातात बादली घेऊन, भर दुपारी. मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण बोलण्या-बोलण्यात बाकीचं बाहेर आलं. बरेच महिने तिला कडेकडेचं दिसत नव्हतं. चौकटीला खांदा लागायचा, भांडं ओट्याच्या बाहेर ठेवलं जायचं, भाजीत मीठ दोनदा पडायचं. ती कोणाला बोलली नव्हती. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून जमेल तितकी टिकवायची, असं ते फार मायेनं म्हणाले. परतीच्या एसटीत साडू मेडशीपर्यंत थेंबांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत बसले. लाल एसटीला सोनेरी पट्टा हवा होता हे ते दर प्रवासात निदान एकदा तरी बोलतात, त्या दिवशी ते राहून गेलं.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. गुणी मुलगा, सूनही गुणी. तो धावत आला आणि म्हणाला, आता दोघांनी पुण्याला चलायचं. त्यानं वाईट काहीच सांगितलं नाही. पण ताईनं पदर तोंडाला लावला. ती साडूंसोबत पुण्याला एकदा महिनाभर राहून आली होती. तो फ्लॅट उंचावर, राखाडी भिंतींचा आणि कपाटांना सोनेरी मुठी असलेला. तेव्हा साडूंनी सुनेला "सूनबाई, राखेत सोनं कोनी ठेवते का?" असं विचारलं होतं, मग दिवसभर सोफ्यावर बसून त्या कपाटांकडे बघितलं होतं आणि संध्याकाळी, "चांगलं दिसते. पण मी म्हनलं असं गावात सांगू नका," असा निकाल दिला होता. त्यांना पुणं निभावलं असतं. ताईला नसतं. ती आमच्या हिला म्हणाली, "तिथं मले पानी बी दुसऱ्याच्या हातानं प्या लागन वं. इथं माहा माठ मले सापडते. डोळ्यानं नाई तं सवयीनं सापडते." शेवटी मुलानं मुदत दिली. दिवाळीपर्यंत बघू, तोवर आई पुन्हा पडली, धडपडली, तर मात्र मी कोणाचं ऐकणार नाही. ताईनं मान हलवली. त्या दिवसापासून ती घरात पाय घासत चालायला लागली, आणि साडू तिच्या मागं-मागं चार हात अंतर ठेवून, आपण दुसऱ्याच कामाला निघालोय असं दाखवत.

मध्ये पोळा आला. आम्ही दोघं दर वर्षी पोळ्याला जातो. संध्याकाळी तोरणाखालून पोळा फुटला आणि बैल दारात आले. झुली, माळा, सोनेरी शिंगं, शिंगांवर बेगड. ताई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. पांढरा बैल मोतिया भिंतीपुढं उभा होता. ताईचा कुंकवाचा हात पुढं गेला आणि हवेत थांबला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि कुंकू लागलं ते साडूंच्या बाहीला. कोणी हसलं नाही. साडूंनी तिचा हात धरून बैलाच्या कपाळावर नेला. मग ती काळ्याकडे वळली, आणि हात सरळ, न चाचपडता, दोन शिंगांच्या बरोब्बर मधे गेला.

साडूंनी हळूच विचारलं, "काव, काळ्याचे शिंगं दिसले तुले?"

"काहून नाई दिसनार? चमकून राह्यले ना."

"अन् पांढऱ्याचे?"

ताईनं ताट दुसऱ्या हातात घेतलं. मग हसून म्हणाली, "पांढऱ्याले औंदा शिंगं आहेत का? मले वाटलं तुमी नेऊन विकले."

ती हसली, आम्हीही हसलो. साडू दारातल्या ओट्यावर बसले. पानात पुरणाची पोळी वाढलेली, तिला त्यांनी हात लावला नाही. दर पोळ्याला गावभर हिंडून कोणाच्या बैलाला कोणता रंग चुकला हे सांगणारा हा माणूस त्या दिवशी दारातून हलला नाही. समोर दोन बैल उभे होते. दोघांच्या शिंगांना एकाच डबीतलं सोनं होतं. मी शेजारी जाऊन बसलो तसे ते मला म्हणाले, "साडभाऊ, सोनेरीचा दोष नाई. मी सोयरीकच चुकीच्या घरी केली."

दुसऱ्याच आठवड्यापासून अंगणात ताईची परीक्षा सुरू झाली. जुन्या खोक्याच्या फळ्यांच्या साडूंनी जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला एकेक रंग दिला, जोडीतल्या एकीवर मधोमध एक सोनेरी रेघ ओढली, दुसरी कोरी ठेवली, फळ्या गोठ्याच्या भिंतीला टेकवल्या आणि ताईला खुर्चीत बसवलं. कोणत्या फळीवर रेघ दिसते ते सांगायचं, जो रंग टिकेल तो घरातल्या पायऱ्या-उंबऱ्यांना लागणार. सकाळी एकदा, ऊन कलल्यावर एकदा. गुलाबी नापास झाला, पोपटी नापास झाला, मोतिया पहिल्याच खेपेला नापास झाला आणि साडूंनी ती जोडी स्वतः उचलून गोठ्याच्या मागं नेऊन ठेवली. लाल रंग उन्हात पास व्हायचा आणि संध्याकाळी दगा द्यायचा. शेजारच्या बायका येता-जाता थांबायच्या. एक म्हणाली, "भाऊ, दुकान टाकून राह्यले का?" साडू म्हणाले, "हाव. गिऱ्हाईक एकच हाय, पन लय चोखंदळ हाय."

दोन-चार दिवसांनी एकदम सगळ्याच फळ्या पास व्हायला लागल्या. साडूंना आनंद झाला, मग संशय आला. त्यांनी गुपचूप फळ्यांच्या जागा बदलल्या. ताईनं जिथं रेघ सांगितली तिथं फळी कोरी होती. तिनं क्रम पाठ करून ठेवला होता. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर कॉपी मला नवीन नाही, पण अशी कॉपी मी कधी ऐकली नव्हती. साडू रागावले, "काहून वं? मले फसवून तुले काय भेटनार?" ताई म्हणाली, "मले पास होऊ द्या ना. नापास झाली तं पोट्टा घेऊन जाईन मले." साडू तिच्या खुर्चीशेजारी खालीच बसले. म्हणाले, "तुही परीक्षा नाई चालू, बावळे. रंगायची चालू हाय. तू मास्तरीन हाय इथं." त्यानंतर मास्तरणीनं एकालाही फुकट पास केलं नाही.

शेवटी दोनच रंग उरले, काळा आणि गडद निळा. काळा थोडा सरस होता. पण उंबऱ्याला काळा रंग लावायचा हे दोघांच्याही तोंडून निघेना. "निळाच बरा," ताई म्हणाली, "काळा बैलाले शोभते." तिची नजर, तिचा निकाल. निळा ठरला.

रंगकामाला मी एका रविवारी गेलो होतो. मला ब्रश कोणी दिला नाही, रंग ढवळायची काडी दिली. साडूंनी मोतिया भिंतीपुढं निळ्याचा ब्रश धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. ब्रशातून थेंब गळायला लागले. "लय सुंदर होता हो मोतिया," ते म्हणाले. "पन तो मले दिसत होता." आणि त्यांनी पहिला फटकारा मारला. मला तेव्हा त्या माणसाचं फार कौतुक वाटलं, आणि ते सांगायचं सोडून मी रंग जरा जास्तच ढवळला. भिंती खालून हातभर निळ्या झाल्या, पायऱ्या निळ्या झाल्या आणि प्रत्येक पायरीच्या कडेला सोनेरी पट्टी आली. चौकटी निळ्या, कडा सोनेरी. बटणांच्या पाट्या, माठाची तिवई, मागच्या दाराची कडी, न्हाणीचा उंबरा. आणि एके दिवशी ताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून म्हणाली, "या आत. डबी घेऊन या." इतक्या वर्षांनी परवानगी मिळाल्यावर साडू चपला काढून, हात-पाय धुऊन आत गेले. ओट्याच्या कडेला पट्टी ओढताना ते दर वितीला "ओढू का वं?" विचारत होते, असं ताईच सांगते. गावात मात्र बरीच मजा झाली. कोणी मंगल कार्यालय म्हणालं, कोणी वाजंत्रीवाल्यांचा डगला म्हणालं. कोणत्या तारखेला बुकिंग आहे असंही एकानं विचारलं. मोतियाच्या वेळी जो माणूस एका रेघेवरून गावाशी भांडला असता, तो या वेळी नुसता हसत होता.

दिवाळीला मुलगा-सून आले, आम्हीही गेलो. मुलानं दिलेली मुदत संपली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओसरीत सगळे बसलो. ताई म्हणाली, "मी चहा आनते," आणि सून उठायला लागली तर तिला हातानं बसवलं. आतून कपांचा आवाज आला. मग ताई दारात दिसली, हातात निळा ट्रे, ट्रेला सोनेरी काठ, त्यात पांढरे कप. स्वयंपाकघराचा उंबरा आला, तिनं मान जरा खाली केली आणि पाय उचलून बरोबर पलीकडे टाकला. बैठकीतून ओसरीत उतरायची पायरी आली. मुलगा खुर्चीच्या कडेवर आला होता. साडू तिच्याकडे बघतच नव्हते, ते पायरीच्या पट्टीकडे बघत होते. ताई उतरली, ट्रे ठेवला आणि म्हणाली, "घ्या, थंडा होईन." मुलानं कप उचलला. पायरीच्या पट्टीकडे बघतच त्यानं पहिला घोट घेतला. मग सून म्हणाली, "आई, निळ्यावर सोनेरी किती छान दिसतंय," आणि साडूंनी जो खुलासा सुरू केला तो जेवणाची ताटं वाढेपर्यंत संपला नाही. पुण्याचा विषय त्या दिवाळीत निघाला नाही. पुढच्या दिवाळीतही निघाला नाही.

या वर्षी पोळ्याला आमची ही बाहेरगावी होती, म्हणून मी एकटाच गेलो. साडू उंबऱ्याशी गुडघे टेकून बसलेले, हातात बारीक ब्रश. पट्टीवर पुन्हा एक हात देणं चाललं होतं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, मागच्या महिन्यातच तर दिला होता." त्यांनी ब्रश पुन्हा डबीत बुडवला. मी वाकून बघितलं, तर पट्टी नुसती पट्टी राहिली नव्हती. हातावर हात देऊन ती चांगली जाड झाली होती, दोरी चिकटवल्यासारखी उठून आली होती. तेवढ्यात ताई माठाकडून आली. तिचा अनवाणी अंगठा आधी पट्टीला लागला, क्षणभर तिथं टेकला, आणि मग पाय पलीकडे पडला. मान खाली गेली नाही. ती समोर, लांब कुठंतरी बघत होती.

"दिसते का वं बरोबर?" साडूंनी विचारलं.

"दिसते ना. लख्ख दिसते," ताई म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी ते मला सोडायला मेडशीच्या थांब्यापर्यंत आले. दोन्ही बाजूंना सोयाबीन होतं, हिरवंगार. एरवी या रस्त्यावर ते पिकाकडे बोट दाखवून रंगांवर बोलतात. थांब्यावर आल्यावर म्हणाले, "तिले नाई दिसत आता, साडभाऊ. उन्हाळ्यापासून नाई दिसत. पायाले लागते म्हून चालते ती. म्हून मी एकावर एक हात देऊन राह्यलो."

"मंग विचारता कायले?" मी म्हटलं. माझ्याही तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

त्यांनी अंगठ्याच्या नखावरचा ओला रंग पायजम्याला पुसला. म्हणाले, "नाई विचारलं तं तिले समजन ना, का मले समजलं म्हून."

एसटी आली. त्यांनी मला चढवून दिलं, खिडकीशी उभं राहून गाडीच्या लाल पत्र्याकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "पट्टा पाह्यजे होता हिले." मी मान हलवली. या वेळी मला ते मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवशी आमची ही परत आली. हातातली पिशवीही खाली न ठेवता तिनं विचारलं, "ताई कशी आहे? तिला दिसतं ना अजून?" माझ्या सदऱ्याच्या बाहीवर उंबऱ्याजवळचा सोनेरी डाग लागलेला होता, आणि वर पंखा फिरत होता. मी म्हटलं, "दिसते." तिनं माझ्याकडे बघितलं, त्या डागाकडे बघितलं आणि पुढं काही न विचारता चहा ठेवायला आत गेली.